मोकळी वीत

दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड मला लहानपणापासून आहे आणि सत्तरी आली तरी ती गेलेली नाही. आई मला ‘चौकशी ऑफिस’ म्हणायची. माळव्यातल्या धारच्या आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, तिरल्याच्या हाटातून कोण काय घेऊन आलं, हे सगळं मला आधी ठाऊक असायचं. असं असताना आमच्याच घरात, माझ्या नाकाखाली, एक आख्खं माणूस पंधरा वर्षं लपवून ठेवलेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे मला आजही झोंबतं. ते माणूस मला कसं सापडलं ते इथे लिहायचं आहे. पण त्याआधी आमचा माग सांगायला हवा, कारण माग कळल्याशिवाय आमच्या घरातलं काहीच कळायचं नाही.

घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा होता आणि त्या खड्ड्यात पाय सोडून नाना, म्हणजे माझे वडील, दिवसभर मागावर बसत. आम्ही विणणारे लोक. पंचे, उपरणी, मराठी घरांतल्या बायकांसाठी लुगडी, आणि तिरला-नालछ्याकडचे शेतकरी मागतील तेव्हा साफ्याचं, म्हणजे फेट्याचं, कापड. नाना विणताना दोन ठोके देत, जरा थांबत आणि मग तिसरा देत. त्या तालावर आमचं घर चालायचं. आई पोळ्या लाटायची त्या त्याच तालावर, मी पाढे म्हणायची ते त्याच तालावर, आणि शाळेत जेव्हा सरांनी वर्गात टेबलावर पट्टी आपटली तेव्हा मला वाटलं, यांचा तिसरा ठोका चुकतोय. आमच्या बोलण्यातही तशीच सरमिसळ होती. गल्लीत माळवी, शाळेत हिंदी, घरात मराठी. आणि नानांना राग आला की तिन्ही एकदम. ‘सुन भिया, कांडी भर अन् गप बस’ असं ते माझ्या थोरल्या भावाला, दत्तूदादाला, म्हणायचे, आणि मी मुलगी असूनही मलाही ‘भिया’च म्हणायचे.

मागाची एक गोष्ट मला फार आवडायची. एक ताणा विणून संपला की तो मागावरून पूर्ण काढायचा नाही. उभ्या धाग्यांची वीतभर टोकं फणीत तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचा. याला सांधणी म्हणतात. सांधणी करताना नाना बोटांना राख लावून बसत आणि दोन दोन दिवस कुणाशी बोलत नसत. आमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या लवाजम्याबरोबर देशावरून इकडे आले, तेव्हा त्यांनी माग मोडून ठेवला, पण फणी त्या टोकांसकट फडक्यात बांधून आणली आणि इथे पोचल्यावर त्याच टोकांना माळव्यातल्या सुताचा ताणा जोडला, असं नाना सांगत. म्हणजे माग तेव्हापासून एकदाही तुटलेला नाही. खरं-खोटं देव जाणे. मी एकदा हिशेबाने म्हटलं, की मग पहिला धागा तर कधीच विणून संपला असेल, राहिला कुठे? त्यावर नाना म्हणाले, धागा संपतो, गाठ संपत नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

आणि या मागावर आमच्या घराण्याची एक रीत होती, जी मी नंतर दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिली नाही. घरातलं कुणी गेलं की पुढचा ताणा लावल्यावर आधी पंचा-लुगडं सुरू करायचं नाही. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं एखादं कापड घ्यायचं, त्याच्या बोटभर रुंदीच्या चिंध्या फाडायच्या आणि त्या आडव्या घालून पन्हाभर रुंद, पण फक्त एक वीत विणायची. मग ती कापून आधीच्या वितीच्या खाली शिवायची. असं शिवत शिवत झालेलं ते लांबलचक कापड म्हणजे आमचा ‘वीतपट’. ही वीत पुरुषांनी विणायची नाही, आणि गेलेल्याच्या लेकरांनीही नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं की धागा दिसत नाही. घरातली मुलं जिला आत्या म्हणतात तिने ती विणायची. बारशाला कानात नाव आत्याच सांगते ना, मग शेवटी ते नाव विणायचंही तिनेच. लग्न होऊन गेलेल्या लेकींची वीतसुद्धा सासरी नाही, इथेच यायची. आमच्या घरातल्या बायका एरवी आडव्या धाग्याच्या कांड्या भरत, सुताला खळ लावत, पण मागावर बसत नसत. जन्मात काय त्या बसल्या असतील ते एखाद-दोन वितींपुरत्या.

आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हा पट बाहेर निघायचा. त्या दिवशी घरात वाळ्याच्या पाण्याचा आणि आमरसाचा वास असायचा. आई सांजोऱ्या तळायची, पाण्याने भरलेली घागर पाटाशेजारी ठेवायची आणि नाना पट उलगडून एकेका वितीवर हात ठेवून नाव घ्यायचे. ही विठोबाजींची, ज्यांनी फणी आणली. ही राधाकाकूंची. ही गणपतकाकांची, तलावात पोहायला गेले ते परत आले नाहीत. नानांनी नाव घेतलं की आई त्या वितीवर मोगऱ्याचं एक फूल ठेवायची. मी मागे बसून बोटांनी चाचपून बघायची, कुठली जाडीभरडी आहे, कुठली मऊ. पण शेवटून दुसरी वीत आली की नानांचा हात तिच्यावरून सरळ पुढे जायचा, आजोबांच्या वितीवर. नाव नाही. आणि आईही तिथे फूल ठेवायची नाही. ती वीत हिरव्या लुगड्याची होती, मधूनच काठाची तांबडी रेघ. सगळ्यांत सुंदर वीत तीच, आणि तिलाच कुणी विचारत नाही. मला तिची इतकी दया आली, की सात-आठ वर्षांची असताना एका आखातीजेला मी माझ्या वेणीतलं फूल काढून हळूच तिच्यावर ठेवलं. आईने फाटकन माझ्या हातावर चापट मारली आणि फूल उचललं. तिने मला आयुष्यात मारलं ते तेवढं एकदाच. मी रडले नाही, कारण मी आईचं तोंड बघत होते आणि ती रागावलेली दिसत नव्हती, घाबरलेली दिसत होती.

झालं, तेव्हापासून चौकशी ऑफिस कामाला लागलं. आईला विचारलं, दत्तूदादाला विचारलं, शेजारच्या म्हाताऱ्या गेंदीमाँला विचारलं. दादाला माहीत नव्हतं, आईने विषय बदलला आणि गेंदीमाँ म्हणाली, ‘बेटी, जणी को नाम नी ले, वणी के मत पूछ.’ ज्याचं नाव घेत नाहीत त्याचं विचारू नको. म्हणजे हिला माहीत आहे, एवढं मला कळलं. मग मी कापडालाच विचारायचं ठरवलं. दर आखातीजेला पट घडी करायचं काम मी मागून घ्यायची आणि ती वीत उलटसुलट करून बघायची. आणि एका वर्षी माझ्या लक्षात आलं. बाकी सगळ्या विती सैल होत्या, किनारी वाकड्या, मध्येच एखादा धागा सुटलेला. असणारच, कारण त्या कधी न विणणाऱ्या बायकांनी विणलेल्या. ही एकटीच फळीसारखी घट्ट आणि सरळ. किनार सुतात मापल्यासारखी. ही कुणा आत्याने विणलेली नव्हती. ही रोज विणणाऱ्या हाताने, फणी ठोकून ठोकून विणलेली होती. म्हणजे पुरुषाने. आणि पुरुषाने तर वीत विणायचीच नसते. हे शोधून काढलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते कुणाला सांगितलंच नाही.

मग मी नववीत असताना, ऐन थंडीत, आई गेली. न्यूमोनिया. चार दिवसांत सगळं आटोपलं. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही, पन्नास वर्षं होऊन गेली तरी मला ते जमत नाही. पण मागाबद्दल लिहायला हवं. मागावरचा ताणा आई गेल्यानंतर आठवड्यात संपला आणि नानांनी नवा लावला नाही. लावणार कसा? लावला की आधी वीत विणावी लागणार, आणि वीत विणायला आत्या कुठे होती? आजोबांची वीत त्यांच्या चुलतबहिणीने विणली होती, ती आता उज्जैनला अंथरुणाला खिळलेली. तिचे हात उचलत नव्हते. नाना दुसऱ्यांच्या मागावर रोज कामाला जायला लागले आणि आमचा माग जुनी टोकं लोंबकळत ठेवून गप्प पडला. घरातून तो आवाज गेला आणि मग मला खरं कळलं, आई गेली म्हणजे काय. पोळ्या करताना हात कुठे थांबवायचा ते समजेना. मी नानांना म्हटलं, मी विणते आईची. ते म्हणाले, लेकीने विणायची नसते. मी म्हटलं, मग कोण विणणार? ते म्हणाले, कुणी नाही. आणि आईचं लुगडं तसंच दांडीवर लटकत राहिलं. तिला त्या पटात जागाच मिळणार नाही, नाव घ्यायला कुणी हात ठेवणार नाही.

फाल्गुनात मी आईची ट्रंक आवरायला काढली. तळाशी, जुन्या शालीत गुंडाळलेलं एक कापड निघालं. उलगडलं तर वीतपट! आमचा नव्हे, नवाच. वीत-वीत लांबीचे तुकडे एकाखाली एक शिवलेले, आईच्याच बारीक टाक्यांनी. मोजले, चौदा. निळा, डाळिंबी, हळदी, चौकड्यांचा, रेघांचा, प्रत्येक वेगळा, पण सगळे एकाच हाताचे. सैल नाहीत, फार घट्टही नाहीत. चिंध्या नव्हत्या त्यांत, कोरं सूत होतं. एका माणसाच्या चौदा विती कशा असतील? माणूस चौदा वेळा कसं मरेल? घडीत एक पार्सलाचा कागद होता, वर आमचा पत्ता आईच्या नावाने, आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव, गोदावरी, टेकडीखाली, देवास. नावापुढे आमचंच आडनाव. आमचंच!

रात्रीची वाट पाहण्याइतका दम माझ्यात कुठला. नाना दुपारी जेवायला आले तेव्हा ताटाशेजारी तो कागद ठेवला आणि विचारलं, या गोदावरी कोण? नानांनी कागद वाचला. हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि चपला घालून निघून गेले. वरण तसंच निवत राहिलं. दुसऱ्या कुणी याचा अर्थ ‘पुढे विचारू नको’ असा घेतला असता. मी आठ दिवसांनी, दत्तूदादाला भेटायला इंदूरला जाते असं सांगून बसमध्ये बसले. दादा तिथल्या मिलमध्ये लागला होता. इंदूरला उतरले, आणि दादाकडे न जाता देवासची बस धरली. नानांशी बोललेलं ते माझं पहिलं मोठं खोटं. सोबत पिशवीत आईने शिवलेला तो पट आणि दोन दशम्या.

देवासला देवीची टेकडी चुकायची सोयच नाही, जिथे उभे राहाल तिथून दिसते. पण ‘टेकडीखाली’ म्हणजे अर्धं गाव. नारळ-चुनरीवाल्यांना विचारत, या गल्लीतून त्या गल्लीत, उन्हाने डोकं तापलं. शेवटी विचारणं सोडून मी एका ओट्यावर बसले, आणि मला आमचा माग ऐकू आला. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. आवाजामागे गेले तर एका खोलीत, दार उघडं टाकून, नानांच्याच रुंद कपाळाची एक बाई मागावर बसलेली. पांढरं पातळ, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘शांताची ना तू?’ शांता म्हणजे माझी आई.

तिला माहीत नव्हतं. आई गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं, कळवणार कोण? ते मलाच सांगावं लागलं. मी सांगितलं तेव्हा तिने फणी हातात धरून ठेवली, जणू ती सोडली तर पडेल. मग उठून तिने मला आधी पाणी दिलं, मग कैरीचं पन्हं दिलं, मग तव्यावर थालीपीठ टाकलं, आणि ते उलटताना ती रडायला लागली, आवाज न करता. थालीपीठ एका बाजूने करपलं. आम्ही ते तसंच दोघींनी खाल्लं. आणि खाताखाता तिने मला सगळं सांगितलं, इतक्या सरळपणे की मला माझ्या इतक्या वर्षांच्या चौकशीची लाज वाटली. ती नानांची थोरली बहीण, माझी सख्खी आत्या. हाटपिपल्याला दिलेली. नवरा लवकर गेला. आजोबा म्हणाले, घरी ये आणि गप बसून राहा. तिला गप बसायचं नव्हतं. तिला लहानपणापासून मागाचं वेड, पण घरात मागावर बसायला मिळायचं ते कुणी मेलं तरच. म्हणून ती देवासला आली, विणायचं शिक्षण देणाऱ्या एका केंद्रात नाव घातलं आणि पुरुषांच्या रांगेत परक्या मागावर बसली. ते आजोबांना कळलं त्या दिवशी त्यांनी तिने माहेरी ठेवलेलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि स्वतः बसून तिची वीत विणली. जिवंत लेकीची. आणि पटाला शिवून टाकली.

मी म्हटलं, नानासुद्धा आता परक्याच मागावर जातात. तर ती चष्म्यावरून बघत म्हणाली, ‘बसला का तोही?’ आणि इतकी हसली, की मलाही हसू आलं. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या खोलीत. मग मी पिशवीतून तो पट काढला. दर आखातीजेनंतर ती आईला एक वीत विणून पाठवायची. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती एक वीत. मी आहे, एवढंच सांगायला. आईने त्या शिवून ठेवल्यात हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, चुलीजवळ फडकी म्हणून वापरत असेल. ती बराच वेळ आईच्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. आणि मला तेव्हा ती चापट आठवली. आई तिथे फूल ठेवत नव्हती, कारण जिवंत माणसाला कुणी असं फूल वाहत नाही.

निघताना मी तिला म्हटलं, आत्या, आईची वीत तू विणायला ये. तिने तो पट घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. मग म्हणाली, ‘मेलेली बाई मागावर कशी बसेल गं? मला बोलवायचं तर आधी तिथून काढा म्हणावं. अण्णा, तुझे आजोबा, तर गेले. पण चिंध्या तुझ्या बापाने फाडल्या होत्या. त्यानेच काढायचं.’

घरी पोचले तेव्हा नाना दारातच उभे. दादाचा निरोप आलेला होता की मी तिकडे पोचलेच नाही. मला वाटलं आता तिन्ही भाषा ऐकायला मिळणार. पण त्यांनी नुसतं विचारलं, भेटली? मी मान हलवली, आणि पिशवीतला आईचा पट काढून त्यांच्या पुढ्यात उलगडला. नानांनी एकेका वितीवर हात ठेवला, आखातीजेला ठेवायचे तसाच, पण नाव न घेता. ही अक्काची फणी, असं ते पुटपुटले. मग म्हणाले, दरवर्षी? मी म्हटलं, दरवर्षी. माझ्या घरात, ते म्हणाले, माझ्या घरात शांताने पंधरा वर्षं… मी आत्याचा निरोप सांगितला. ते म्हणाले, पट उसवत नाहीत. मधली एक वीत कापली तर वरचे खालचे तुटतील. ते खरंच होतं, आणि मला माहीत होतं की ते नुसती सबब सांगत नाहीत. आमच्या घरात माणूस पटातून काढायची रीतच नव्हती, कारण अशी वेळच कधी कुणावर आली नव्हती.

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही माझ्या चौकसपणाचं सगळ्यात मोठं फळ वाटतं. मी म्हटलं, ‘नाना, कापायचं कशाला? उभे धागे राहू देत. आडवंच काढू.’ मी विणकराची मुलगी, पण विणकराने जन्मभर मागावर बसून जे कधी केलं नसेल ते मी त्यांना सुचवत होते, विणलेलं परत मागे न्यायला.

त्यांना तीन दिवस लागले. आजोबांनी ती वीत अशी काही ठोकली होती की सुईचं टोक शिरेना. दोन्ही शिवणींजवळ चार-चार धागे राखून, नाना एकेक चिंधी सुईने उचलत, ओढत, पन्ह्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सोडवत होते. मी समोर बसून निघालेली चिंधी गुंडाळत होते. इतकी वर्षं दाबून राहिल्यामुळे त्या चपट्या झाल्या होत्या, पण आतला हिरवा रंग नवाकोरा होता, ऊन न लागल्यामुळे. पहिले दोन दिवस नाना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, थोडीच उरली होती तेव्हा, मान वर न करता म्हणाले, ‘मीच फाडल्या गं. अण्णांनी लुगडं पुढ्यात टाकलं आणि मी फाडायला बसलो. इतक्या सारख्या फाडल्या की अण्णा म्हणाले, हात चांगला बसलाय तुझा. आणि मला बरं वाटलं. अक्काचं लुगडं फाडत होतो आणि मला बरं वाटलं.’ आणि ते रडले. पुरुष माणूस असं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी गुंडाळत राहिले. शेवटची चिंधी निघाली आणि पटात वीतभर नुसते उभे धागे राहिले, वरच्या माणसांना खालच्या माणसांशी धरून.

पत्र नानांनी स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, आणि मी, आश्चर्य वाटेल, पण चोरून वाचलंही नाही. आखातीजेच्या दोन दिवस आधी त्यांनी बोटांना राख लावली आणि नवा ताणा सांधायला बसले. शेकड्यांनी धागे, एकेक पीळ. शेवटचे पाच धागे त्यांनी तसेच ठेवले.

आत्या सकाळच्या बसने आली. नाना बसच्या अड्ड्यावर गेले नाहीत, धीर झाला नसेल. ते मागाजवळ उभे होते. ती दारात थांबली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. नाना म्हणाले, ‘अक्का, पाच धागे राहिलेत. तू जोड.’ तिने पिशवी खाली ठेवली, चुलीशी जाऊन बोटांना राख लावली आणि उभ्या उभ्याच ते पाच जोडले. मग खड्ड्यात पाय सोडून बसली. आईच्या जांभळ्या लुगड्याच्या चिंध्या नानांनी फाडून ठेवल्या होत्या, पण या वेळी वेड्यावाकड्या, कमीजास्त रुंदीच्या. मला ते मुद्दाम केलेलं दिसलं. आणि आत्या, जिचा हात मी देवासला पाहिला होता, तीही फणी हलकीच आणत होती, किनार वाकडी जाऊ देत होती. मी विचारलंच, एवढी सैल का? ती म्हणाली, शांताची आहे, ठोकायची नाही, तिला श्वास घेऊ दे. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. गेंदीमाँ दारात येऊन उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत माळवीत काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही, कारण मी माग ऐकत होते.

त्या दिवशी नानांनी आईच्या वितीवर हात ठेवून तिचं नाव घेतलं आणि आत्याने फूल ठेवलं. त्याआधी मोकळ्या वितीपाशी त्यांचा हात थांबला. या वेळी सरळ पुढे गेला नाही. त्यांनी आत्याकडे बघितलं आणि म्हणाले, पुढे. मग सगळ्यांनी आमरस खाल्ला. हिरव्या चिंध्यांचा गोळा आत्या देवासला घेऊन गेली आणि त्याची तिने उशी केली. त्या उशीवर ती पुढे एकोणतीस वर्षं झोपली. दर आखातीजेला ती यायची. देवासचा माग तिने सोडला नाही, कारण तो तिचा होता.

ती गेली तेव्हा दत्तूदादाची मुलं मला आत्या म्हणत होती, तेव्हा वीत माझ्याकडे आली. सगळ्यांना वाटलं, त्या रिकाम्या जागेतच हिरव्या चिंध्या सुईने परत भरायच्या. सोपं होतं, जागाही तिचीच होती. मी ऐकलं नाही. मी खड्ड्यात पाय सोडून बसले आणि तिची वीत शेवटी, सगळ्यांच्या खाली विणली, जिथे तिचा खरा क्रम होता. फार वाकडी झाली. डोळ्यांत पाणी येतं म्हणतात ते लेकरांच्याच नाही, भाचीच्याही येतं.

परवाच्या आखातीजेला दत्तूदादाची नात, रेवा, पट उलगडायला बसली होती. वय वर्षं नऊ. मराठी बोलते, पण वाचायला दिलं की हिंदीसारखं वाचते. आता आम्ही आधी आईने शिवलेला तो चौदा वितींचा पट खाली अंथरतो आणि त्यावर मोठा वीतपट. मग मोकळ्या जागेतून खालचे निळे-डाळिंबी रंग दिसतात. रेवा एकेका वितीवर फूल ठेवत आली आणि तिथे अडली. फूल हातातच. मी हात उचलला नाही. तिने खालून हात घातला, त्या उभ्या धाग्यांमधून बोटं वर काढून हलवली आणि विचारलं, ‘आजी, ये खाली क्यों है? इथे कोण मेलं?’

मी म्हटलं, ‘कुणी नाही बेटा. इथून एक जण परत आली.’